मूनलाइट नावाची झोपेची गोळी

आज जरा भांडायच्या मूडमध्ये आहे, तेव्हा सरळ मुद्द्यावर येतो. बीथोवनच्या ज्या सोनाटाला आपण सगळे ‘मूनलाइट’ म्हणतो त्यात चांदणं नाही. ज्या गतीत तो आपल्या कानावर पडतो ती त्याची गती नाही. आणि तो ऐकून ज्यांना ‘किती शांत वाटतं’ असं होतं, त्यांनी तो अजून ऐकलेलाच नाही.

पटत नसेल तर कुठल्याही म्युझिक ॲपवर ‘रिलॅक्सिंग पियानो’ किंवा ‘डीप स्लीप’ असं टाइप करून बघा. थोडं खाली स्क्रोल केलं की हा भेटतोच. चित्रात तळं, तळ्यावर चंद्र. बऱ्याचदा वरून पावसाचा आवाज मिक्स केलेला. लांबी आठ तास! मूळ तुकडा पाचेक मिनिटांचा, तो लूपवर टाकून आठ तास. आमच्या कंपनीत मध्यंतरी वेलनेस सेशन झालं, तिथेही ‘डोळे मिटा, खांदे सैल सोडा, सगळं टेन्शन पायातून जमिनीत जाऊ द्या’ याच्या मागे हाच लावलेला. ज्या माणसाने तो लिहिला त्याचं टेन्शन कुठल्या जमिनीत गेलं होतं, हा प्रश्न कुणाला पडला नाही. पडणार कसा? डोळे मिटलेले होते ना.

तर आता नावापासून सुरू करू.

बीथोवनने या रचनेला कधीही ‘मूनलाइट’ म्हटलेलं नाही. ती लिहिली १८०१ मध्ये, छापली गेली १८०२ मध्ये व्हिएन्नात. वर नाव काय, तर ‘सोनाटा क्वाझी ऊना फान्ताझिया’, म्हणजे जवळजवळ फँटसीसारखा सोनाटा. ओपस २७, नंबर २. बस. चांदण्याची भानगड आणली बर्लिनच्या लुडविग रेल्स्टाब नावाच्या समीक्षकाने. त्याला पहिला भाग ऐकून स्वित्झर्लंडमधलं ल्युसर्नचं सरोवर आणि त्यावर पडलेलं चांदणं दिसलं. त्याला दिसलं, ठीक आहे, दिसू दे. पण बीथोवन आयुष्यात कधी स्वित्झर्लंडला गेला नव्हता. एका समीक्षकाची उपमा पुढे प्रकाशकांनी आणि लोकांनी उचलली, आणि ती रचनेच्या कपाळावर कायमची चिकटली.

मजा म्हणजे बीथोवन स्वतः या रचनेला कशाने ओळखायचा, तर स्वराने. त्याचा शिष्य कार्ल चेर्नी याच्याकडे त्याने एकदा कुरकुर केली होती, की लोक सारखं त्या सी शार्प मायनर सोनाटाबद्दलच बोलत बसतात, मी याहून चांगलं लिहिलंय की! ‘सी शार्प मायनर’. चंद्र नाही, सरोवर नाही, होडी नाही.

आता कुणीतरी म्हणेल, नावात काय आहे? सगळंच आहे हो. नाव म्हणजे ऐकणाऱ्याच्या डोक्यातलं डिफॉल्ट सेटिंग. एकदा ‘मूनलाइट’ म्हटलं की पियानिस्टसुद्धा हळू वाजवायला लागतो, कारण चांदणं घाईत पडत नाही. आणि हळू वाजवलं की ते अजूनच चांदण्यासारखं वाटतं. झालं, एकदा या लूपमध्ये अडकलं की सुटका नाही.

म्हणून गतीकडे येतो. माझा मुख्य राग तिथे आहे.

पहिल्या भागावर लिहिलंय ‘अदाज्यो सोस्तेनूतो’. अदाज्यो म्हणजे संथ, सोस्तेनूतो म्हणजे स्वर धरून ठेवत. इथवर सगळे वाचतात आणि थांबतात. पण त्याच ओळीत एक चिन्ह आहे, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखं, आणि त्यातून एक उभी रेघ गेलेली. त्याला म्हणतात ‘अल्ला ब्रेव्हे’. अर्थ असा, की दर बारमध्ये चार छोट्या मात्रा मोजू नका, दोन मोठ्या मोजा. हस्तलिखित बॉनच्या बीथोवन-हाउसमध्ये आहे, पण त्याचं पहिलंच पान हरवलेलं. त्यामुळे पुरावा १८०२ च्या पहिल्या छापील आवृत्तीचा, आणि तिच्यात ती रेघ आहे. पुढे काही आवृत्त्यांतून ही रेघ गळाली. एक उभी रेघ! प्रॉडक्शन कोडमध्ये एक सेमीकोलन गळाला तर आपण रात्रभर जागतो. इथे रेघ गळाली आणि जग झोपायला लागलं.

दोन आणि चार यात फरक काय? चालून बघा. ‘एक-दोन, एक-दोन’ मोजत संथ चाललात तर पाऊल पुढे पडतं. ‘एक, दोन, तीन, चार’ प्रत्येकावर जोर देत चाललात तर प्रत्येक पावलाला थांबल्यासारखं होतं. स्वर तेच, वजन वेगळं. दोनात मोजलं की हा तुकडा सरकतो. चारात मोजलं की रांगतो.

आकडेही देतो, कारण ‘फास्ट’ आणि ‘स्लो’ वर भांडण कधीच संपत नाही. १८०१ मध्ये मेट्रोनोम नव्हता, मेल्झेलने त्याचं पेटंट घेतलं १८१५ मध्ये. म्हणून या सोनाटावर बीथोवनचा स्वतःचा आकडा नाही. पण चेर्नीचा आहे. चेर्नी लहान मुलगा असताना, याच सुमारास, बीथोवनकडे शिकायला लागला होता. म्हातारपणी त्याने बीथोवनच्या पियानो रचना कशा वाजवाव्यात यावर सविस्तर लिहिलं. तिथे या भागाला छोट्या मात्रेसाठी आकडा आहे मिनिटाला ५४. शिवाय तो बजावतो, की अल्ला ब्रेव्हे आहे तेव्हा हे मध्यम आन्दान्ते गतीत वाजवायचं. आन्दान्ते म्हणजे चालत्या चालीने. चालत्या!

आता गणित. पहिल्या भागात ६९ बार. दर बारला चार छोट्या मात्रा, म्हणजे २७६. मिनिटाला ५४ या गतीने २७६ मात्रांना लागतात पाच मिनिटं आणि वर सहा-सात सेकंद. आता तुमच्या स्लीप प्लेलिस्टमधला ट्रॅक किती मिनिटांचा आहे बघा. सात मिनिटांचा असेल तर गती झाली साधारण ३९. चेर्नीच्या गतीपेक्षा पंचवीस टक्क्यांहून कमी. एखादं गाणं इतकं हळू करून ऐकलं तर आपण म्हणतो कॅसेट खराब झाली. इथे म्हणतो, वा, काय डेप्थ आहे!

मान्य, चेर्नीचा आकडा म्हणजे काही वेद नाही. तो बीथोवनच्या मृत्यूनंतर जवळजवळ वीस वर्षांनी छापला गेला, आणि माणसाची आठवण ही आठवणच असते. म्हणून दुसरी टेस्ट देतो, तिला पुस्तक लागत नाही. सुरुवातीच्या झुळझुळीनंतर वर एक धून येते. तिचं पहिलं वाक्य साधारण चौदा मात्रांचं. ते गुणगुणा, एका श्वासात. ५४ च्या गतीत साडेपंधरा सेकंद लागतात, जरा दमछाक होते पण जमतं. ३९ च्या गतीत साडेएकवीस सेकंद. तोंड लाल होईल. गाताच येत नसेल इतक्या हळू वाजवलेल्या धुनेला धून का म्हणायचं? ते सुटे सुटे स्वर झाले, एकमेकांना न ओळखणारे, लिफ्टमधल्या माणसांसारखे.

तिसरा पुरावा वाद्याचा. बीथोवनने सुरुवातीलाच लिहून ठेवलंय, की हा अख्खा तुकडा अतिशय नाजूकपणे आणि ‘सेन्झा सोर्दीनो’ वाजवायचा. सोर्दीनो म्हणजे इथे पियानोच्या तारांवर बसून आवाज बंद करणारे डँपर. ते सगळे उचलून ठेवायचे, म्हणजे स्वर एकमेकांत मिसळत राहतील. त्याच्या काळातला व्हिएन्नाचा पियानो लाकडी सांगाड्याचा, हलका. त्याचा स्वर उमटला की लवकर विरायचा. त्या वाद्यावर हा तुकडा रांगत वाजवलात तर वरचा लांब स्वर पुढचा येईपर्यंत मरून जाईल. आजचा पियानो लोखंडी फ्रेमचा, त्याचा स्वर कितीतरी वेळ घुमतो. म्हणजे अतिसंथ वाजवण्याची चैन आपल्याला वाद्य बदलल्यामुळे परवडायला लागली. ती बीथोवनच्या मनात होती असं म्हणणं म्हणजे फ्लायओव्हर बघून शिवाजीमहाराजांच्या ट्रॅफिक प्लॅनिंगचं कौतुक करण्यासारखं आहे.

आता स्वर आणि भाव. सी शार्प मायनर. मायनर म्हटलं की लोक लगेच ‘सॅड’ म्हणून मोकळे होतात. आपल्या भाषेत सांगायचं तर मायनरमध्ये गंधार कोमल. पण कोमल गंधार म्हणजे दुःख हे समीकरण कुणी आपल्याकडे मांडलं तर चालेल का? काफीतल्या होऱ्यांत कोमल गंधार आहे, बागेश्रीत आहे, भीमपलासमध्ये आहे. सगळे रडतात का? (राग आणि पाश्चात्य की एक नाहीत हे मला ठाऊक आहे, पत्र पाठवू नका. मुद्दा एवढाच की एका स्वरावरून अख्खा मूड ठरत नाही.)

मूड ठरतो त्या स्वरांचं काय केलंय यावरून. सी शार्पला सा धरा आणि डाव्या हाताचा सर्वांत खालचा स्वर ऐका. सा, मग कोमल नी, मग कोमल ध, मग मध्यम, मग पंचम. चार बारमध्ये जिना उतरतो. आणि तिसऱ्याच बारमध्ये, कान नीट बसायच्या आत, वर कोमल रिषभ येतो, जो या स्केलमध्ये मुळात नाहीच. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि नसावी, तसं होतं. शांत वाटायला लावणारं संगीत असं वागत नाही. ते तुम्हाला घरात बसवतं. हे तिसऱ्या बारलाच जमीन काढून घेतं.

मग धून येते. धून कसली, एकच स्वर. पंचम, पंचम, पंचम. लांब-आखूड-लांब, अशा ठेक्यात. पाश्चात्य कानाला हा ठेका ओळखीचा आहे, अंत्ययात्रेच्या मार्चमधला. उजव्या हातात एका मात्रेत तीन स्वर, तिश्र जातीत, न थांबता चाललेले. भागाच्या शेवटी तोच पंचमाचा ठेका वरून उतरून खाली डाव्या हातात जातो. वर काही उरत नाही, फक्त तळाशी थाप. याला तुम्ही होडी म्हणा. मला खांद्यावरून काहीतरी नेताहेत असं दिसतं.

हे माझं दिसणं म्हणून सोडून देऊ नका, एक भक्कम धागा आहे. पियानिस्ट एडविन फिशर यांना व्हिएन्नाच्या संग्रहात बीथोवनच्या हातचा एक कागद मिळाला. त्यावर मोझार्टच्या ‘डॉन जोव्हानी’ या १७८७ च्या ऑपेरातल्या काही ओळी उतरवलेल्या होत्या. प्रसंग कुठला? सुरुवातीचा, डॉन जोव्हानीच्या तलवारीने म्हातारा कोमेंदातोरे मरतो तो. तिथे मागे असेच तीन-तीनचे स्वर चालू असतात. आणि बीथोवनने त्या ओळी उतरवल्या होत्या सी शार्प मायनरमध्ये. हंगेरीत जन्मलेला पियानिस्ट आंद्राश शिफ याने २००४ ते २००६ च्या सुमारास लंडनच्या विगमोर हॉलमध्ये सगळ्या बत्तीस सोनाटांवर व्याख्यानं दिली, त्यात हे सगळं पियानोवर वाजवून दाखवलंय. रेघ, पेडल, मोझार्ट, सगळं. इंटरनेटवर शोधा, शनिवार सार्थकी लागेल.

चांदण्याचा अर्धा भाऊ म्हणजे प्रेमकहाणी, तिचाही निकाल लावतो. सोनाटा अर्पण केलाय जुलिएट्टा ग्विच्चार्दी या काउंटेसला. ती बीथोवनची विद्यार्थिनी, त्याचा जीव तिच्यावर होता हे बहुतेक खरं, आणि १८०३ मध्ये तिने दुसऱ्याच एका काउंटशी लग्न केलं हेही खरं. म्हणून हा प्रेमभंगाचा सोनाटा, असं वेबसाइटवाले लिहितात. पण तिनेच पुढे सांगितलंय, की बीथोवनने आधी तिला जी मेजरमधला एक राँडो दिला होता, मग तो दुसऱ्या एका बाईंना अर्पण करायचा म्हणून परत मागितला, आणि बदल्यात हा सोनाटा दिला. म्हणजे चक्क एक्स्चेंज ऑफर! यावर कसली प्रेमकहाणी उभी करता?

त्या वर्षी त्याच्या आयुष्यात खरोखर काय चाललं होतं ते त्यानेच लिहून ठेवलंय. २९ जून १८०१ ला त्याने फ्रान्झ वेगेलर या डॉक्टर मित्राला पत्र लिहिलं. करिअर ऐन भरात. प्रकाशक मागे लागलेले, मागेल ती किंमत मिळते. आणि त्याच पत्रात, की कान जाताहेत. जवळजवळ दोन वर्षं लोकांत मिसळणं टाळतोय, कारण ‘मी बहिरा आहे’ हे लोकांना सांगणार कसं? दुसरा कुठला धंदा असता तर एक वेळ चाललं असतं. आणि हे कुणाला सांगू नकोस. तेव्हा त्याचं वय होतं तीस.

तीस. हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण त्याच्या आसपास असाल, मीही फार लांब नाही. ज्या एका गोष्टीवर आपली सगळी पत उभी आहे नेमकी तीच आतून चाललीय, आणि रोज सकाळी स्टँड-अपमध्ये ‘ऑल गुड’ म्हणायचंय. अशी माणसं आपल्या मजल्यावर आहेत. आपणही कधीतरी त्यांतले असतो. हा सोनाटा बहिरेपणा‘बद्दल’ आहे असं मी म्हणत नाही, तसं सिद्ध करता येणार नाही आणि सुरांचा असा अनुवाद करूही नये. पण तो ज्या वर्षी, ज्या माणसाच्या हातून आला, ते वर्ष आणि तो माणूस शांत नव्हते. आणि आपण त्याचंच लोशन करून कपाळाला चोळतो.

या लोशनवाल्यांची सर्वांत मोठी चोरी मात्र वेगळीच आहे. पहिल्या भागाच्या शेवटी बीथोवनने लिहिलंय ‘अत्ताका सुबितो इल सेग्वेन्ते’. अर्थ, पुढचा भाग लगेच सुरू करा, मध्ये थांबू नका. पुढचा म्हणजे छोटासा आलेग्रेत्तो, डी फ्लॅट मेजरमध्ये. पियानोवर डी फ्लॅट आणि सी शार्प ही एकच काळी पट्टी. म्हणजे सा तोच ठेवला आणि कोमल गंधार शुद्ध केला. दोन-अडीच मिनिटं माणूस हसून दाखवतो. आणि मग ‘प्रेस्तो अजितातो’. अतिद्रुत, खवळलेला. परत सी शार्प मायनर, पहिल्या भागात जो कॉर्ड झुळझुळत होता तेच तीन स्वर, पण आता खालून वर भिरकावलेले, आणि प्रत्येक भिरकावणीच्या टोकाला दोन दणके. जे पाच मिनिटं दाबून धरलं होतं ते इथे फुटतं. एरवी सोनाटात वजन पहिल्या भागात असतं, इथे त्याने ते शेवटावर टाकलंय. ‘जवळजवळ फँटसी’ म्हणतो तो याच अर्थाने. पहिला भाग ही वात आहे, तिसरा स्फोट.

आणि प्लेलिस्ट काय करते? वात दाखवते आणि पुढे पावसाचा आवाज लावते. लेखकाने स्पष्ट लिहिलंय ‘लगेच पुढे जा’, आणि आपण त्याच जागी लूप मारून परत सुरुवातीला येतो. आठ तास. एखाद्याने तोंड उघडलं, ‘मला एक सांगायचंय’ म्हणाला, आणि आपण रात्रभर त्याचं तेवढंच वाक्य रिपीटवर ऐकत झोपलो.

यावर ठरलेली दोन उत्तरं येतात. पहिलं, ‘प्रत्येक कलाकाराचा आपला अर्थ असतो.’ असतोच. पन्नासने वाजवा, साठने वाजवा, त्यातून वेगवेगळी माणसं दिसतील, तोच तर आनंद आहे. पण अर्थ लावायला आधी वाचावं लागतं. रेघ न वाचता लावलेल्या अर्थाला अर्थ म्हणत नाहीत, अंदाज म्हणतात.

दुसरं, ‘मला बरं वाटतं, झोप येते, तुझं काय जातं?’ माझं काही जात नाही, तुमचं जातं. झोपेसाठी पंख्याची घरघरही चालते. त्यासाठी एका तीस वर्षांच्या माणसाने दात आवळून लिहिलेलं काही वापरायची गरज नाही. आपल्या पिढीला सगळ्याचं रूपांतर ‘युज केस’मध्ये करायची सवय लागलीय. योग कशासाठी, तर प्रॉडक्टिव्हिटी. ट्रेकिंग कशासाठी, तर डीटॉक्स. संगीत कशासाठी, तर फोकस. या सवयीत एक गोष्ट कायमची हातून जाते. दुसऱ्या माणसाचं अस्वस्थ असणं आपल्यापर्यंत पोचतच नाही, कारण पोचायच्या आत आपण त्याचा आवाज कमी करतो. संगीतात ही सवय लागली की ती संगीतापुरती राहत नाही. शेजारच्या क्युबिकलपर्यंत जाते.

असो. भाषण पुरे, विकेंडचा होमवर्क देतो. वीस मिनिटं काढा, हेडफोन लावा, अंगाला उशी लागू देऊ नका. नीट चालतं असं एखादं रेकॉर्डिंग निवडा, पहिला भाग पाचच्या आसपास संपणारं. दोनात मोजा, चारात नाही. तिसऱ्या बारला पाय सटकतो का बघा. आणि पहिला भाग संपला की फोनला हात लावू नका. पुढे काय येतं ते येऊ द्या.

झोप आली तर मला सांगा.